तुटायची गाठ कुठं?

एक हातभर तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा घ्या, आणि तेवढीच लांब, जाड सुतळी. दोन्ही मांडीवर ठेवा. लगेच काही बांधू नका, बोटं मोकळी असू द्या.

बसायला जागा हवी असेल तर पलूसहून भिलवडीला या. कऱ्हाडला कोयनेला पोटात घेऊन आलेली कृष्णा इथं रुंद आणि संथ झालेली असते. पलीकडे औदुंबर, खाली ब्रह्मनाळला येरळा येऊन मिळते. औदुंबरला देवाच्या घाटावर गळ नको. आषाढ-श्रावणात गाभोळीनं भरलेल्या माशांच्या वाटेलाही जाऊ नये. पण आज मासा धरायचाच नाही. आज फक्त गाठ निवडायची आहे, आणि त्याला घाई लागत नाही.

आधी नदीकाठचा साधा गळ डोळ्यांपुढं आणा. चिव्याची काठी, शेंड्याला तंगूस, मध्ये तरंगणारा थर्माकोलचा तुकडा, खाली शिसं आणि गळाला गांडूळ. गाठी मोजा. काठीला एक, गळाला एक. शिसं वजनदार, म्हणून भिरकावलं की दोरा त्याच्यामागं जातो.

आता फ्लाय फिशिंगचा दोरा आठवा. इथं गळाला गांडूळ नसतं. पिसं आणि केस गुंडाळून केलेली खोटी माशी असते, आणि तिला वजनच नसतं. वजन असतं ते दोऱ्यात. म्हणून इथं एक दोरा पुरत नाही. रिळावर राखीव दोरा, त्याला जोडलेली प्लास्टिकचा लेप दिलेली जाड फ्लाय लाइन, तिच्या पुढं जाडीकडून बारीककडे उतरत जाणारा लीडर, त्याच्या टोकाला केसासारखा टिपेट आणि शेवटी माशी. दोऱ्याची जात बदलली की सांधा आला, सांधा आला की गाठ आली.

हे सगळे दोरे मनातल्या मनात एका ओळीत ताणा. एका टोकाला तुमचा हात, दुसऱ्या टोकाला मासा. सावकाश ओढा. तुटेल कुठं?

बहुतेक वेळा गाठीत. नायलॉन सरळ असतो तेव्हा सगळं अंग मिळून ओढ सोसतो. गाठीत तोच दोरा स्वतःला वळसे घालतो, स्वतःला दाबतो आणि कापतो. म्हणजे गाठी निवडताना आपण तुटायची जागाही निवडत असतो. कोणती गाठ सगळ्यांत पक्की हे विचारणारे पुष्कळ असतात. सगळ्यांत कच्ची कुठं असावी, हे आधी ठरवावं असं मला वाटतं.

ती शेवटी असावी, माशीपाशी. कारण सोपं आहे. तिथं तुटलं तर मासा एवढासा गळ घेऊन जातो. वर, फ्लाय लाइनपाशी तुटलं तर तो दोन-तीन मीटर तंगूस मागं ओढत फिरतो, आणि तो तंगूस कुठल्यातरी मुळीत अडकून माशाला तिथंच जखडतो. तंगूस कुजत नाही. पाणकावळ्याच्या पायाला काय गुंडाळलंय हे सोडवायला कुणी जात नाही. म्हणून टिपेट मुद्दाम बारीक ठेवतात. ५एक्स म्हणतात तो जेमतेम ०.१५ मिलिमीटर जाड असतो.

आता वरून खाली या. रिळाच्या गाठीपाशी फार थांबू नका. तिथं साधा सरकफास पुरतो, त्या गाठीपर्यंत दोरा ओढून नेणारा मासा क्वचितच भेटतो.

फ्लाय लाइन आणि लीडरच्या सांध्यापाशी थांबा. एक मऊ लेपाची जाड, दुसरा टणक आणि निसरडा. असे दोन धागे एकमेकांत गुंतवून जमत नाही. लीडरचे वेढे फ्लाय लाइनवर शेजारी-शेजारी बसवतात, ते लेपात रुततात आणि पकड घेतात. याला नेल नॉट म्हणतात, कारण बांधताना खिळ्याचा आधार घेतात. नेढं नसलेल्या, चपट्या बुडाच्या गळावर तंगुसाचे वेढे घालणाऱ्या कुठल्याही कोळ्या-भोयाला ही गाठ परकी वाटणार नाही. तीच युक्ती, वस्तू वेगळी. लाइनला आणि लीडरला तयार फासे असतील तर फाशात फासा अडकवा, पण दोन्ही सारखे बसलेत का बघा. एकानं दुसऱ्याचा गळा आवळला असेल तर तो फासा हळूहळू कापला जाईल.

लीडरला टिपेट जोडायला दोन गाठी सांगतात. ब्लड नॉट दिसायला देखणी, सरळ रेषेत बसणारी, पण तिला दोन्ही धागे जवळपास सारख्या जाडीचे लागतात. सर्जन नॉट ओबडधोबड. दोन्ही धागे शेजारी धरायचे, एक मोठा फासा करायचा, लीडरचं टोक आणि टिपेटचा सगळा भाग मिळून त्यातून दोनदा काढायचा आणि ओढायचं. जाडीत फरक असला तरी धरते. संध्याकाळी, ओल्या बोटांनी बांधायची म्हटल्यावर मी देखणी सोडून देतो.

इथं सुतळी हातात घ्या. सर्जन नॉट बांधा, सोडा, पुन्हा बांधा. हात सुतळीवर चालू लागले की तंगूस घ्या. आवळण्याआधी गाठ तोंडात धरून ओली करा. कोरडा नायलॉन झटक्यात ओढला की घासून तापतो, आणि तापला की तिथंच कमजोर होतो. पूर्वी रेशमाच्या किड्याच्या ग्रंथींपासून काढलेली तात वापरत, तीही बांधण्याआधी भिजवावी लागे. १९३५ मध्ये ड्यू पाँट कंपनीत कॅरोदर्सनं नायलॉन तयार केला, तात मागं पडली. थुंकी लावायची सवय मात्र टिकली. ओढ एकसारखी द्या, वेढे एकमेकांवर चढू देऊ नका. चढले तर कापा आणि नव्यानं बांधा. त्यात संकोच कसला?

शेवटी माशी. क्लिंच नॉट घ्या: नेढ्यातून दोरा ओवायचा, स्वतःभोवती पाच-सहा वेढे, टोक नेढ्याजवळच्या फटीतून परत. बारीक दोऱ्याला वेढे जास्त, जाडाला कमी. पालोमार नावाची गाठ हिच्यापेक्षा पक्की असं सांगतात आणि ते खोटं नाही. पण तिच्यात दुहेरी दोरा नेढ्यातून जावा लागतो आणि आख्खी माशी फाशातून काढावी लागते. बारीक माशीला ते जमत नाही, आणि दर वेळी टिपेट खर्ची पडतो तो वेगळाच. शिवाय आपण मघाशी ठरवलंय, या जागी सगळ्यांत पक्की गाठ नकोच आहे.

लहान माशासारखी दिसणारी मोठी माशी असेल तर आवळलेली गाठ तिला ताठ धरते, ती पाण्यात मेल्यासारखी येते. तिथं न सरकणारा फासा बांधा. पलूसच्या द्राक्षबागेत नवा वेल बांबूला बांधताना सुतळीचा फेरा सैल ठेवतात तसा. गाठ पक्की, फेरा मोकळा. माशी त्यात डुलते. चिलापी माशाला ते आवडेल की नाही हे चिलापी सांगेल. १९५२ मध्ये ती या देशात आली आणि तेव्हापासून बहुतेक सगळं खाऊन बघते आहे.

आता सगळ्यांत अवघड गाठ. ती आपण बांधलेली नसते. फेक चुकली की हवेतच लीडर स्वतःला ओलांडतो आणि मधोमध एक साधी, बारीक गाठ पडते. डोळ्याला दिसत नाही. डोळे मिटा, लीडर चिमटीत धरा आणि वरपासून खालपर्यंत बोटं सावकाश सरकवा. खडा लागला की थांबा. साध्या गाठीनं नायलॉनची ताकद सुमारे निम्म्यावर येऊ शकते. म्हणजे तुटायची जागा तुम्ही खाली ठरवली होती, चुकलेल्या फेकीनं ती वर ढकलली. सैल असेल तर सुईनं सोडवा. आवळली असेल तर कापून सांधा नव्यानं करा, कापलेला तुकडा खिशात टाका. हा चिमटीचा फेरा अधूनमधून घेत राहा, मासा लागून सुटल्यावर तर घ्याच.

आणि तुटलं, तर दोरा गुंडाळून राहिलेलं टोक उजेडात धरा. टोक डुकराच्या शेपटीसारखं कुरळं असेल तर दोरा तुटलेला नाही, गाठ सरकून सुटली आहे. वेढे कमी पडले, किंवा नीट आवळली नव्हती. टोक सरळ असेल तर दोरा तुटला. मग कुठं तुटला ते बघा. माशीपाशी असेल तर ठरवल्याप्रमाणे झालं, नवी माशी लावा. त्याच्या वर असेल तर नुसती माशी लावून चालणार नाही. फ्लाय लाइनपासून खालपर्यंत सगळ्या गाठी कापा आणि एकेक नव्यानं बांधायला घ्या.