धावणाऱ्याचे हृदय



एखादा धडधाकट माणूस हृदयविकाराच्या झटक्याने अचानक गेला की अंगणात जमलेल्या माणसांत एक वाक्य हमखास ऐकू येते. "रोज पहाटे पळायचा हो. दारू नाही, तंबाखू नाही. आणि बघा!" हे वाक्य मीही बोललो आहे. दुःखाच्या भरात बोललेले असते, म्हणून त्याचा कोणी फारसा विचार करीत नाही. पण त्या 'आणि बघा' या दोन शब्दांत एक हिशेब दडलेला असतो. या माणसाने आपली बाजू पाळली होती, मग देवाने आपली का पाळली नाही, असा तो हिशेब आहे.

या हिशेबातून माणसे दोनच निष्कर्ष काढतात. काही जण म्हणतात, "मग पळून काय उपयोग? जे व्हायचे ते होतेच." दुसरे म्हणतात, "त्याचेच काहीतरी चुकले असणार. वरून दिसत नव्हते एवढेच." पहिल्या निष्कर्षाने आपण आळशी होतो आणि दुसऱ्याने निष्ठुर. ख्रिस्ती माणसाने यापैकी कोणता स्वीकारावा? की दोन्ही सोडून द्यावेत? आज या प्रश्नाचा थोडा विचार करूया.

आपल्या भूममध्येही पहाटे पळणारे कमी नाहीत. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली अंधारातच रस्त्यावर उतरतात. भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते. त्यांच्यासाठी ती भाकरीची शर्यत आहे. त्यांच्या मागून, डॉक्टरांनी साखर किंवा रक्तदाब वाढल्याचे सांगितलेली, चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली माणसे भराभर चालताना दिसतात. म्हणजे हा प्रश्न फक्त मुंबईच्या मॅरेथॉनवाल्यांचा नाही, तो आपलाही आहे.

दोन धावणारे

अमेरिकेत जिम फिक्स नावाचे लेखक होऊन गेले. पस्तिशीत त्यांचे वजन शंभर किलोच्या आसपास होते आणि ते रोज दोन पाकिटे सिगारेट ओढत. त्यांच्या वडिलांना पस्तिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता आणि त्रेचाळिसाव्या वर्षी ते वारले होते. फिक्स यांनी १९६७ मध्ये पळायला सुरुवात केली, सिगारेट सोडली, वजन उतरवले. १९७७ मध्ये त्यांनी धावण्यावर लिहिलेल्या पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या आणि ते वाचून असंख्य माणसे घराबाहेर पडून पळू लागली. २० जुलै १९८४ रोजी व्हरमाँट राज्यातील एका रस्त्यावर पळत असताना त्यांना झटका आला आणि तिथेच त्यांचा अंत झाला. वय ५२. शवविच्छेदनात त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत मोठे अडथळे आढळले.

दुसरे उदाहरण आपल्या मुंबईचे. रंजन दास हे एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या भारतातील कारभाराचे प्रमुख होते. नियमित व्यायाम करणारे आणि मॅरेथॉन धावणारे म्हणून ते ओळखले जात. ऑक्टोबर २००९ मध्ये एके दिवशी व्यायामशाळेतून घरी आल्यावर त्यांना हृदयविकाराचा तीव्र झटका आला आणि त्यातच ते गेले. वय अवघे ४२. त्यानंतर देशभर चर्चा सुरू झाली. झोप कमी होती, ताण जास्त होता, व्यायाम अति होता. यातले काही खरेही असेल आणि जिवंत माणसांनी त्यातून शिकावे हेही बरोबर. पण त्या चर्चेत आणखी एक गोष्ट होती. कारण सापडले की आपल्याला हायसे वाटते. 'तो असे वागला म्हणून गेला. मी तसा वागत नाही, म्हणजे मी सुरक्षित,' असे मन स्वतःला समजावते. मृताच्या आयुष्याची झडती घेऊन आपण स्वतःसाठी अभय मिळवत असतो.

शरीर काय सांगते

डॉक्टर काय सांगतात तेही पाहूया. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांच्या आतल्या बाजूला वर्षानुवर्षे चरबीचा थर साचत जातो. एके दिवशी तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि हृदयाच्या एका भागाचा रक्तपुरवठा बंद पडतो. हा झाला हृदयविकाराचा झटका. नियमित व्यायामाने त्याचा धोका कमी होतो, याविषयी शंका नाही. पण कमी होणे म्हणजे नाहीसा होणे नव्हे. आईवडिलांकडून आलेला वारसा, मधुमेह, रक्तदाब, रक्तातील चरबी, पूर्वी केलेले धूम्रपान हे सारे पळणाऱ्याच्याही सोबत पळत असते. शिवाय आपल्या देशातील लोकांना हा विकार पाश्चात्त्यांपेक्षा लवकरच्या वयात गाठतो.

मग पळणे धोक्याचे आहे का? अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख स्पर्धकांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शर्यतीदरम्यान किंवा ती संपताच हृदय बंद पडल्याच्या ५९ घटना आढळल्या आणि त्यांतील ४२ जण दगावले. म्हणजे सुमारे १ लाख ८४ हजारांमागे एक घटना. तेव्हा 'पळून काय उपयोग' या पहिल्या निष्कर्षाला आधार उरत नाही. जिम फिक्स यांचे वडील त्रेचाळिसाव्या वर्षी गेले आणि मुलगा बावन्नाव्या. धावण्याने त्यांना ती वर्षे मिळवून दिली का, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण तसे मानणारे पुष्कळ डॉक्टर आहेत.

शिलोहाचा बुरूज

दुसऱ्या निष्कर्षाला उत्तर प्रभू येशूने स्वतः दिले आहे. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख आहे. ती माणसे यरुशलेमातील इतरांपेक्षा अधिक अपराधी होती असे समजू नका, असे प्रभूने श्रोत्यांना बजावले. आणि लगेच त्यांना स्वतःच्या पश्चात्तापाकडे वळवले. मेलेल्यांचा हिशेब त्याने मांडलाच नाही, जिवंतांना मात्र जागे केले. संत योहानच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. तिथेही प्रभू दोन्ही उत्तरे नाकारतो. आणि ईयोबाचे मित्र आठवा. सात दिवस ते त्याच्याजवळ गप्प बसले तोवर त्यांचे बरे चालले होते. तोंड उघडून ते त्याचे दोष शोधू लागले, तेव्हा त्यांचे चुकले. अखेरीस देवाचा राग त्या मित्रांवर झाला, ईयोबावर नाही.

म्हणजे आरोग्य ही मजुरी नाही. इतके किलोमीटर पळालो, म्हणून इतकी वर्षे मिळालीच पाहिजेत, असा करार देवाने कोणाशी केलेला नाही. मग पळायचे कशासाठी? शेतकरी बांधबंदिस्ती करतो ती पावसाशी करार करून नव्हे. पाऊस आपल्या हातात नसतो, जमीन आपल्या हाती सोपवलेली असते, म्हणून तो बांध घालतो. शरीराचेही तसेच आहे. कॅथोलिक चर्चचा कॅटेकिझम सांगतो की जीवन आणि आरोग्य ही देवाने सोपवलेली मौल्यवान देणगी आहे आणि तिची वाजवी काळजी घेणे आपले कर्तव्य आहे. त्याच्या पुढच्याच परिच्छेदात तो इशाराही देतो की शरीर हे सर्वस्व नव्हे, त्याची पूजा मांडू नका.

पळणाऱ्याचा अभिमान

ही पूजा कधी सुरू होते ते कळत नाही. रोज पळणाऱ्याला हळूहळू वाटू लागते की आजार हा दुसऱ्यांचा विषय आहे. छातीवर दाब आला, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ गेली, दरदरून घाम फुटला, तरी तो म्हणतो, "गॅस झाला असेल." ओवा चघळतो, सोडा पितो आणि पडून राहतो. जिम फिक्स यांना हृदयाची तपासणी करून घेण्याचे सुचवले असता त्यांनी ती टाळली होती, असे डॉ. केनेथ कूपर यांनी नंतर लिहिले. ज्यांचे वडील त्रेचाळिसाव्या वर्षी गेले, त्या माणसानेही ती टाळली. आपण त्यांना दोष देऊ नये, कारण आपणही तेच करतो. स्त्रिया तर घरातले सगळ्यांचे होईपर्यंत स्वतःचे दुखणे सांगतच नाहीत. त्यांना आणि मधुमेह असलेल्यांना कधी छातीत न दुखता नुसती धाप लागते किंवा गळून गेल्यासारखे होते, हेही लक्षात ठेवायला हवे.

याउलट सौरव गांगुली यांचे उदाहरण पाहा. २ जानेवारी २०२१ रोजी कोलकाता येथे घरी व्यायाम करताना त्यांना त्रास झाला. वय ४८, आयुष्य मैदानावर गेलेले. त्यांना रुग्णालयात नेण्यात आले, तीन वाहिन्यांत अडथळे निघाले, त्याच दिवशी अँजिओप्लास्टी झाली आणि ते वाचले. सिराखच्या ग्रंथाच्या अडतिसाव्या अध्यायात सांगितले आहे की वैद्याचा मान राखा, कारण त्यालाही परमेश्वरानेच निर्माण केले आहे. आजारात प्रार्थना करा आणि वैद्यालाही त्याची जागा द्या. डॉक्टरकडे जाणे ही श्रद्धेतली उणीव नव्हे. उलट, 'मला काही होणार नाही' या हट्टातच श्रद्धेपेक्षा अभिमान जास्त असतो.

भूमसारख्या गावी वेळेला आणखीच किंमत आहे. बार्शी, धाराशिव किंवा सोलापूर गाठण्यात जो वेळ जातो, त्यात हृदयाचा स्नायू मरत असतो. म्हणून दुखणे सुरू होताच जवळच्या डॉक्टरांकडे कार्डिओग्राम काढावा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, रुग्णाला स्वतः मोटारसायकल चालवत जाऊ देऊ नये. मोठे रुग्णालय दूर असेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आधी देता येते का, ते डॉक्टर ठरवतात. आणि माणूस बेशुद्ध पडून त्याचा श्वासच थांबला, तर रुग्णवाहिका येईपर्यंत छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाब देत राहावे लागते. वर सांगितलेल्या अभ्यासात जे धावपटू वाचले, त्यांच्यापैकी बहुतेकांना जवळच्या माणसांनी असाच दाब लगेच दिला होता.

इथे मला कफर्णहूमचा पक्षाघाती आठवतो. तो स्वतः चालू शकत नव्हता. चौघांनी त्याला उचलले, छप्पर उघडले आणि प्रभूपुढे खाली सोडले. प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला, असे शुभवर्तमान म्हणते. पळणाऱ्यालाही एक दिवस उचलणारे चौघे लागतात. त्या दिवशी आपल्या शेजाऱ्याचे आपण ते चौघे असू का? दाब कसा द्यायचा हे आपल्यापैकी किती जणांना येते? एखाद्या डॉक्टरांकडून तरुणांनी ते शिकून घेतले, तर ती शेजारप्रीतीच होईल.

शर्यत कुठे संपते

संत पौलाला धावण्याची उपमा आवडे. करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत आणि जिंकणाऱ्याला पानांचा मुकुट मिळे. सुकून जाणाऱ्या त्या मुकुटासाठी खेळाडू इतके कष्ट घेतात, मग न सुकणाऱ्या मुकुटासाठी आपण किती घ्यावेत, असे तो करिंथकरांना विचारतो. पुढे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आपली धाव संपवल्याचे तो समाधानाने सांगतो. पण हे शब्द कुठून लिहिले आहेत? तुरुंगातून, मृत्यू समोर दिसत असताना. परंपरेनुसार रोममध्ये त्याचा शिरच्छेद झाला. त्याची शर्यत अर्धवट राहिली असे कोणी म्हणेल का? ख्रिस्ती माणसाची धाव किती वर्षे चालली यावर मोजली जात नाही. कोणाकडे तोंड करून तो धावला आणि वाटेत पडलेल्याला हात देण्यासाठी थांबला की नाही, यावर ती मोजली जाते.

म्हणून पहाटे पळणाऱ्या आपल्या मुलांनी पळत राहावे, चालणाऱ्यांनी चालत राहावे. चाळिशीनंतर, विशेषतः घरात कोणाला हृदयविकार असल्यास, तपासणी करून घ्यावी. अबोला धरला असेल तर तो रात्रीपूर्वी सोडावा, कारण सकाळ कोणाच्याच नावावर लिहिलेली नाही. प्रायश्चित्त संस्कार 'पुढच्या नाताळला पाहू' म्हणून लांबणीवर टाकू नये. गंभीर आजार झाला की आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगासाठी फादरांना लगेच बोलवावे. तो केवळ शेवटच्या घटकेचा संस्कार नाही, आजाऱ्याला बळ देणारा आहे.

आणि पुन्हा कधी अंगणात बसायची वेळ आली आणि तोंडावर 'आणि बघा' आले, तर ते गिळून टाकूया. त्याऐवजी त्या घरच्या माणसांजवळ गप्प बसूया, ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस बसले होते तसे.

हे प्रभू, प्रत्येक ठोका तुझी देणगी आहे हे आम्हाला आठवू दे. जोवर चालता येते तोवर आम्हाला तुझ्याकडे चालव, आणि चालता येणार नाही त्या दिवशी उचलणारे हात आमच्याजवळ असू देत. आमेन.