अंगठा जुळत नाही

देशातले पहिले आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिले गेले. पंतप्रधान मनमोहन सिंग त्यासाठी आले होते. आता याच जिल्ह्यात रेशन दुकानातल्या यंत्रापुढे साठी ओलांडलेल्या बाया पदराला बोट पुसून पुन्हा पुन्हा टेकवतात.

म्हाताऱ्यांनी मोबाइल शिकावा, हा आपला ठरलेला उपदेश. इथे शिकायचं काय? ऊसतोडीत, मिरचीच्या खुड्यात बोटांवरच्या रेषाच झिजल्या. ओटीपी येतो तो मुलाच्या फोनवर, आणि मुलगा कामाला गुजरातेत.

पूर्वी शाईचा अंगठा चाले. त्याच अंगठ्यावर सावकारांनी आदिवासींच्या जमिनी लाटल्या, म्हणून जुनं सगळं चांगलं असं मी म्हणणार नाही. यंत्र आलं तेही लबाडी रोखायलाच. पण त्या खात्रीची किंमत कोणी मोजायची? संशयाचा फायदा कोर्टात आरोपीला मिळतो. धान्य मागणारीला का नाही?

नियमांत अपवादाची सोय आहे. ती मागायला मात्र आधी ठाऊक असावी लागते. दुकानदार तिला वर्षानुवर्षं नावानिशी ओळखतो. तरी म्हणतो, ‘मावशी, उद्या या.’