मारलेला काटा

आमच्याकडं पाप फेडायची एक सोपी वाट आहे. जन्मभर लोकांना लुबाडलेला माणूस म्हातारपणी देवळाला घंटा बांधतो, सप्त्यात एखादी पंगत घालतो. पंगतीला लुबाडलेलेही बसलेले असतात आणि बुंदी खाता खाता तेच म्हणतात, मोठ्या मनाचा माणूस. मशिदीला चुना देणारे काहीजणही त्यातलेच. मला हे कधी पटलं नाही. का पटत नाही, ते मात्र आमच्या बाजारातल्या एका चाचांमुळं उमगलं.

चाचा भुसार घ्यायचे. पोत्यामागं कडता तर सगळेच व्यापारी कापत, पण चाचांचा काटाच मारलेला होता. मापात पाप आहे हे गावाला ठाऊक होतं. पण बैल दारात, लग्न तोंडावर, मग कोण बोलणार? पुढं पंधरा-सोळा वर्षांनी चाचांनी तोबा केली. हजला निघायचं मनात आलं, तेव्हा मशिदीतल्या मौलवींनी विचारलं, "कुणाच्या पैशानं जाणार?"

कुराणात माप मारणाऱ्यांवर आख्खा एक अध्याय आहे, त्र्याऐंशीवा. तोबाच्या तीन अटी सगळ्यांना माहीत असतात: पाप सोडायचं, पस्तावायचं, पुन्हा न करण्याचा निश्चय करायचा. पण माणसाचा हक्क मारला असेल तर चौथी अट लागते, ज्याचं त्याला परत. नुसत्या नमाज-रोज्यानं ते फिटत नाही. पैगंबरांनी खरा दिवाळखोर कोण ते सांगितलंय: नमाज-रोजे-जकातीचं गाठोडं घेऊन कयामतीला येतो, आणि ज्यांचं खाल्लं ते लोक त्याचं सगळं पुण्य वाटून घेतात.

मालक मेला असेल तर वारसांना द्यायचं. आकडा आठवत नसेल तर मनाची खात्री पटेल एवढा अंदाज धरायचा. आपली अब्रू उघडी करायची सक्ती नाही. कशाही मिषानं पोचलं म्हणजे झालं. आणि मालक सापडतच नसेल तर त्याच्या नावानं गरिबाला द्यायचं. त्याचा सवाब त्या मालकाचा, देणाऱ्यानं त्यावर डोळा ठेवायचा नाही. मला सगळ्यात आवडली ती ही गोष्ट. घंटेवर नाव कोरायची सोयच उरत नाही.

यावरही जुन्या काळी वाद झालेत. फुझैल नावाचे संत, आधी स्वतः वाटमारी करणारे, त्यांच्या हाती दोन दिरहम आले. ते हरामचे आहेत कळताच त्यांनी दगडांत भिरकावले. घाण दान करायची नाही म्हणून. 1111 साली वारलेल्या इमाम गझालींना हे पटलं नाही. फेकून कुणाचं भलं झालं? मालकाच्या नावानं भुकेल्याला तरी जाऊ दे. अब्दुल्ला इब्न मसऊद यांनी तसंच केलेलं होतं. त्यांनी एक दासी घेतली, किंमत द्यायला गेले तर विकणारा गायब. पुष्कळ शोधून शेवटी त्यांनी ती रक्कम त्याच्या नावानं वाटून टाकली; तो आला आणि त्याला मान्य नसलं तर पुण्य माझं, त्याचे पैसे मी भरेन, असं ठरवून.

चाचांनी वही केली आणि एके दिवशी आमच्या दारात गाडी सोडली. गाडीत तूर. धान्य खाल्लं तर तसंच, तेवढंच धान्य द्यायचं, भाव चढो की उतरो.

"आबा, अकरा पोत्यांची तेहतीस किलो. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या सालची."

आबा उंबऱ्यावर बसले होते. बराच वेळ त्यांनी गाडीकडं बघितलं.

"चाचा, त्या दुष्काळात बी खिलाऱ्या इकला म्या. त्यो कुठं लिव्हलाय तुमच्या वहीत?"

चाचांना उत्तर सुचलं नाही. मलाही आजवर सुचलेलं नाही. मापाची भरपाई माप. पण ते माप वेळेला नसल्यानं जे गेलं, त्याचा काटा कुणाकडं आहे? म्हणून तर परत दिल्यावर वर माफीही मागावी लागते, आणि ती द्यायची की नाही हे ज्याचं गेलं त्याच्या हातात. आबांनी तूर उतरवून घेतली, चहा पाजला. "माफ केलं" मात्र म्हणाले नाहीत. चाचा तेवढ्यासाठी नंतर दोनदा येऊन बसून गेले. दुसऱ्या खेपेला आबा म्हणाले, "जावा आता, मिटलं." ते माफ करणं होतं की कंटाळणं, देव जाणे.

ज्यांची नावं आठवेनात, त्या वाडीवस्तीवरच्या लोकांच्या वाटणीचं धान्य विधवांच्या घरी गेलं. कुणी दुवा द्यायला लागलं की चाचा म्हणत, "माझं न्हाई ते बाई, ज्याचं हाय त्याला दुवा द्या." हज राहून गेली.

ते वारले तेव्हा वहीत सतरा नावं शिल्लक होती. शरियतीप्रमाणं आधी कर्ज फेडायचं, मग वाटण्या. धाकट्यानं त्यातली सहा घरं केली. थोरला म्हणतो, वहीवर बापाची सही कुठाय?