स्तुतीला जामीन कोण?

कथा लिहू इच्छिणारा आणि जाहिरातीचा मजकूर लिहून उदरनिर्वाह करू पाहणारा तरुण आपली लेखणी कसदार कशी होईल असे विचारू लागला, म्हणजे आपण त्याला वाचन वाढवावयास, वाक्ये आटोपशीर ठेवावयास आणि नित्य काही लिहावयास सांगतो. हा उपदेश खोटा नव्हे. परंतु त्याच्या अगोदर जो प्रश्न उपस्थित व्हावयास हवा, तो बहुधा तसाच राहून जातो. शब्द परिणामकारक करण्याचे सामर्थ्य संपादन करणे म्हणजे दुसऱ्याच्या मनावर अधिकार संपादन करणे होय. आणि जो न घडलेले घडले म्हणून सांगतो तो कथाकार, व जो वस्तूचे गुण उजळून सांगतो तो जाहिरातलेखक, या दोघांचा सत्याशी संबंध कोणता याचा निर्णय झाल्यावाचून, हे सामर्थ्य वाढणे इष्ट आहे असे तरी कशाच्या आधारावर म्हणावे?

दहाव्या शतकाच्या आरंभी कनौजच्या प्रतीहार राजसभेत मान्यता पावलेला राजशेखर, ज्याने आपला पूर्वज अकालजलद याचा उल्लेख महाराष्ट्राचा चूडामणी म्हणून अभिमानाने केला आहे, त्याने हा प्रश्न आपल्या ‘काव्यमीमांसे’त पूर्वपक्ष म्हणून मांडला आहे. काव्य असत्य अर्थ सांगते, तेव्हा ते कोणाला शिकवूच नये, असे काही जण म्हणतात; त्यावर राजशेखराचे उत्तर असे की, काव्यात जे असत्य भासते ते वस्तुतः अर्थवाद असते, आणि असा अर्थवाद वेदात आहे, शास्त्रात आहे, लोकव्यवहारातही आहे. १९१६ साली बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून हा ग्रंथ छापून निघाला, त्यामुळे तो आज सहज वाचावयास मिळतो. परंतु या उत्तराचे सारे बळ ज्या मीमांसाशास्त्रात साठविलेले आहे, त्याच्याकडे वळल्याखेरीज त्याचा अर्थ नीट उमगत नाही.

मीमांसकांच्या मते वेदाचे प्रामाण्य विधीत, म्हणजे अमुक कर्म करावे या आज्ञेत असते. परंतु वेदात अशीही वाक्ये विपुल आहेत की, जी कोणतीच आज्ञा देत नाहीत; त्यांनाच अर्थवाद म्हणतात. ऐश्वर्याची इच्छा करणाऱ्याने वायुदेवतेला श्वेत पशू अर्पण करावा, हा विधी झाला. वायू ही अत्यंत वेगवान देवता आहे, हे त्यालाच लागून येणारे वाक्य मात्र केवळ वर्णन करते. मग ते निरर्थक समजावे काय? जैमिनीच्या सूत्रांतील पहिल्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात याचा निर्णय असा लागतो की, असे वाक्य विधीशी एकवाक्यता पावते आणि विहित कर्माची स्तुती करून सार्थ होते. कुमारिल भट्टांच्या संप्रदायाने या विचारात आणखी खोल पाऊल टाकले. पुरुषाला कर्माकडे प्रवृत्त करण्याचा जो शब्दाचा व्यापार, त्याला त्यांनी शाब्दी भावना म्हटले, आणि हे कर्म प्रशस्त आहे हे ज्ञान त्या व्यापाराचे साहाय्यक मानले. कारण मनुष्य स्वभावतः आळशी असतो, निव्वळ हुकमाने तो हलत नाही, आणि कर्माची थोरवी मनात ठसली म्हणजेच त्याचे पाऊल पुढे पडते. जाहिरातीच्या विद्येचे मूलतत्त्व याहून अधिक स्पष्ट शब्दांत कोणी सांगितल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

येथेच या व्यवसायाची मर्यादाही निश्चित होते. अर्थवादाला स्वतःचे प्रामाण्य नाही. जे आहे ते विधीकडून आलेले आहे. विधीपासून तोडलेली स्तुती कितीही रमणीय असली तरी तिला जामीन उरत नाही. वैदिक विधी अपौरुषेय मानला असल्याने त्याच्या हितकारकतेविषयी मीमांसकाला शंका घेण्याचे कारण नव्हते. ‘हे विकत घ्या’ ही व्यापाऱ्याची आज्ञा मात्र पौरुषेय आहे, तिच्यामागे लाभ आणि लोभ दोन्ही उभे असतात, आणि म्हणूनच मीमांसकाला जो शोध करावा लागला नाही तो जाहिरातलेखकाला करावाच लागतो. माल कसा बनतो, कोणाच्या उपयोगी पडतो, कोणाच्या पडत नाही, याची चौकशी ही त्याच्या लेखनकौशल्याची पहिली पायरी आहे. विशेषणांची निवड फार नंतरची. असाध्य रोगांवर रामबाण म्हणून विकल्या जाणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना आवर घालण्यासाठी १९५४ साली सरकारला स्वतंत्र अधिनियम करावा लागला, याचे मला तीव्र दुःख वाटते, कारण त्या प्रत्येक मजकुरामागे कोणा तरी शब्दकुशल माणसाचे श्रम होते आणि त्या शब्दांवर विसंबणारा बहुधा व्याधीने गांजलेला होता.

योगसूत्रांवरील व्यासभाष्यात सत्याचे विवरण करताना वाणीचे तीन दोष सांगितले आहेत. ती फसविणारी नसावी, भ्रांत नसावी, आणि ऐकणाऱ्याला बोध न करणारी, अर्थात वांझ नसावी. तिसरा दोष मला विशेष विचारार्ह वाटतो. आपण खरे बोललो एवढ्यावर ज्याचे समाधान होते, आणि ते दुसऱ्यापर्यंत पोहोचले की नाही याची ज्याला फिकीर नसते, त्याचेही सत्य या भाष्यकाराच्या दृष्टीने अपुरेच ठरते. तेव्हा शैली सुबोध करण्याची खटपट ही सत्याच्या उपासनेबाहेरची गोष्ट राहत नाही.

कथेची बाजू निराळी आहे, आणि येथे राजशेखराचे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. कथा कोणतेच कर्म करावयास सांगत नाही. मग तिच्यातील कल्पित कोणत्या विधीचा अर्थवाद मानावा? याचे अधिक सूक्ष्म उत्तर नाट्यरसाची मीमांसा करणाऱ्या शंकुकाने दिले असून ते अभिनवगुप्ताने नोंदविले आहे. चित्रातील घोडा पाहताना होणारी प्रतीती यथार्थ ज्ञान, मिथ्या ज्ञान, संशय आणि सादृश्यबुद्धी या चारांहून भिन्न असते. तशीच रंगभूमीवरील रामाची प्रतीती होय. तीच गोष्ट कथेलाही लागू पडते. वाचक फसत नाही, कारण तो फसण्याच्या भूमिकेवर उभाच नसतो. कथेतील असत्य घटनेत नसते. जी वेदना लेखकाने पात्राच्या आयुष्यात शिरून पाहिलेली नाही, तिच्या नावाने तो अश्रूंची वसुली करू लागतो, तेथे ते असते. अशी कथा म्हणजे भावनेची जाहिरात होय, आणि तिच्याजवळ दाखवावयास मालही नसतो.

हे असत्य लिहितेवेळी दिसत नाही, म्हणूनच राजशेखराने कवीच्या दिनचर्येत चौथा प्रहर राखून ठेवला आहे. पहिल्या प्रहरात विद्याभ्यास, दुसऱ्यात रचना, भोजनोत्तर काव्यगोष्ठी, आणि चौथ्यात, एकट्याने अथवा मोजक्या जाणत्यांसह, सकाळी लिहिलेल्याची परीक्षा. रसाच्या आवेशात लिहिणाऱ्याला विवेकाची दृष्टी नसते, असे कारण तो देतो. आणि अधिक झाले ते टाकणे, उणे राहिले ते भरणे, अस्थानी पडले ते हलविणे व विसरले ते आठवून घेणे, अशी कामेही नेमून देतो. त्याची विदुषी पत्नी अवंतिसुंदरी हिचे मत त्याने याच ग्रंथात आदराने उद्धृत केले आहे. एकदा बसविलेला शब्द बदलताच येऊ नये, यालाच काही आचार्य रचनेचा परिपाक समजत असत. ती म्हणते, ही तर अशक्ती झाली, कारण एकाच आशयाला थोर कवींच्या हातून अनेक पाठ संभवतात, आणि त्यांतला कोणता स्वीकारावा हे रसाने ठरवावयाचे असते.