मागे उठणारी लाट

नॅरोबोट चालवणारा माणूस बोटीच्या टोकाला उभा असतो, पण पुढच्या नव्हे, मागच्या. समोर साठ-सत्तर फूट लांब आणि जेमतेम सात फूट रुंद बोट पसरलेली, आणि हा सुकाणूचा दांडा धरून सगळ्यांत शेवटी. पुढचं वळण त्याला लांबून दिसतं. पायाखालून निघणारी लाट मात्र अगदी जवळून दिसते. इंग्लंडच्या कालव्यांवर नवख्याला शिकवल्या जाणाऱ्या पहिल्या गोष्टींमध्ये ही एक असते : अधूनमधून मागे वळून बघ. आपली लाट काठावर जाऊन फुटत असेल, तर आपला वेग जास्त आहे. कमी कर.

हे कालवे मी फोनवरच पाहिलेत. कुर्ल्याहून मानखुर्दकडे येणाऱ्या गाडीत, एका हाताने कडी धरून. तुमच्यापैकीही अनेकांनी पाहिले असतील. हिरवा काठ, छोट्या चिमणीतून निघणारा धूर, बदकं, चहाचा मग. घडत काहीच नाही. २०१५ साली बीबीसी फोरने केनेट अँड एव्हन कालव्यावरचा बोटीचा प्रवास सलग दोन तास जसाच्या तसा दाखवला होता. निवेदन नाही, संगीत नाही, नुसता पाण्याचा आणि पक्ष्यांचा आवाज. तोही लोकांनी आवडीने पाहिला.

असलं काही पाहिलं की मनात एक वाक्य आपोआप उमटतं : आयुष्य असं संथ हवं. या वाक्याबद्दल मला शंका आहे. संथपणा वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. पण तो कशासाठी असतो, याचं आपण काढलेलं उत्तर चुकीचं आहे असं मला वाटतं.

त्या कालव्यांवर वेगाची मर्यादा ताशी चार मैल आहे, म्हणजे साधारण साडेसहा किलोमीटर. भरभर चालणारा माणूस बोटीच्या पुढे निघून जाईल. ही मर्यादा चालवणाऱ्याच्या मनःशांतीसाठी घातलेली नाही. कालवा अरुंद आणि उथळ असतो. बोट जोरात गेली की पाणी ओढलं जातं, लाट काठाची माती खाते. काठाला बांधलेल्या बोटींना हिसके बसतात, जमिनीत ठोकलेल्या खुंट्या उपटून येतात, कुणाच्या तरी स्वयंपाकघरातली भांडी खाली पडतात. म्हणून बांधलेल्या बोटींजवळून जाताना इंजिन अगदी हळू ठेवायचं असतं. हळू जायचं ते जाणाऱ्याच्या सुखासाठी नाही, तर जे थांबलेले आहेत त्यांच्यासाठी.

लॉकचंही तसंच. लॉक म्हणजे पाण्याचा जिना. दोन दारांमधल्या हौदात बोट घ्यायची, पाणी भरून ती वर चढवायची किंवा सोडून खाली उतरवायची. अरुंद कालव्यावर दर वेळी सुमारे एक लाख लिटर पाणी वरून खाली जातं. समोरून बोट येत असेल आणि हौदातलं पाणी तिच्या पातळीला असेल, तर आपण थांबायचं आणि तिला आधी येऊ द्यायचं. घाई केली तर हौदभर पाणी फुकट जातं. ते पाणी कुणा एकाचं नसतं.

आता या संथपणाचा इतिहास बघा. १७६१ मध्ये ब्रिजवॉटर कालव्यातून वर्स्लीच्या खाणीचा कोळसा मँचेस्टरकडे जाऊ लागला, तेव्हा कालवा हेच प्रगतीचं नवं यंत्र होतं. रस्त्यावर एक घोडा गाडीतून टन-दोन टन ओढायचा. तोच घोडा काठाने चालत नॅरोबोटमधला पंचवीस-तीस टन माल ओढू लागला. पुढे रेल्वे आली. मालवाहतुकीचे दर पडले आणि नावाड्यांची मिळकत घटली. खोलीचं भाडं वाचवायला कुटुंबंच्या कुटुंबं बोटीवर राहायला आली. मागच्या बाजूला दहा फुटांची एक कोठडी, त्यातच चूल, अंथरूण आणि पोरंबाळं. त्या गर्दीची आणि मुलांच्या हुकणाऱ्या शाळेची चिंता वाढून १८७७ मध्ये ब्रिटिश संसदेला कालव्यांवरच्या बोटींसाठी खास कायदा करावा लागला. वेग तोच होता, पाणी तेच होतं. पण त्या बाईला कुणी 'तुमचं जगणं किती शांत' असं म्हटलं असतं, तर तिने काय उत्तर दिलं असतं?

१९६२-६३ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात कालवे गोठले आणि आधीच डबघाईला आलेली मालवाहतूक जवळपास संपली. मग त्याच बोटी सुट्टीसाठी रंगवल्या गेल्या. आज काही जण हौसेने बोटीवर राहतात, तर काही जण लंडनमधलं घरभाडं परवडत नाही म्हणून. ज्यांच्याकडे बोट बांधायची कायमची जागा नाही, त्यांना १९९५ च्या कायद्याप्रमाणे एका ठिकाणी साधारणपणे १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. फोनवरच्या चित्रात दोन्ही बोटी सारख्याच दिसतात. एकीचा संथपणा निवडलेला आहे, दुसरीचा वाट्याला आलेला.

मी ट्रॉम्बेत राहते. आमच्याकडे कालवा नाही, खाडी आहे, आणि इथला संथपणा भरती-ओहोटीचा आहे. दिवसातून दोनदा पाणी चढतं, दोनदा उतरतं, आणि रोज जवळपास पाऊण तास उशिरा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. ओहोटीला चिखल इतका उघडा पडतो की होडी जागची हलत नाही. कोळीवाड्यातला माणूस अशा वेळी जाळं दुरुस्त करत बसलेला दिसतो. कुणी त्याचा फोटो काढला तर तो सुंदर येतो. पण तो निवांत बसलेला नसतो. तो पाण्याची वाट बघत असतो, आणि पाणी येईल तेव्हा रात्रीचे दोन वाजले असले तरी त्याला निघावंच लागतं.

या संथ काठावरच मुंबईचा वेग शिजतो. १९५४ आणि १९५५ मध्ये इथे तेलशुद्धीकरणाचे दोन कारखाने सुरू झाले. १९५६ मध्ये औष्णिक वीजकेंद्र आलं, आणि त्याच वर्षी ४ ऑगस्टला 'अप्सरा' ही देशातली पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली. पुढे खतकारखाना आला. शहर ज्या पेट्रोलवर आणि विजेवर पळालं, त्यातलं पुष्कळ या टेकडीच्या पायथ्याहून गेलं. देशाला त्याची गरज होती, आणि इथल्या हजारो घरांची चूलही त्यावर पेटली. पण जेट्ट्या, वाहिन्या आणि सुरक्षेची कुंपणं आली तसतसा होडीला मोकळा असलेला काठ आखडत गेला. जेट्टीवरच्या एका काकांना मी विचारलं, मोठी लाँच जवळून गेली तर काय होतं? ते म्हणाले, "व्हायचं काय? तिला पोचायचं असतं, आम्हाला धरून बसायचं असतं."

या वाक्याने मला त्या नॅरोबोटवाल्याची जागा समजली. वेगात जाणाऱ्याला आपली लाट दिसत नाही. तो दुष्ट असतो म्हणून नव्हे, तर तो पुढे बसलेला असतो म्हणून.

अटल सेतूचंच बघा. १२ जानेवारी २०२४ ला त्याचं उद्घाटन झालं. शिवडीपासून चिर्ल्यापर्यंत २१.८ किलोमीटर, त्यातले साडेसोळा पाण्यावर. गाडीला ताशी शंभरची मुभा. हा पूल आमच्या समोरून जातो. भाभा अणुसंशोधन केंद्र दिसू नये म्हणून पुलाच्या काही भागात आडोसे लावले आहेत. कारण सुरक्षेचं आहे, आणि ते मला पटतं. तरी मनात येतं, आडोसा नसता तरी त्या वेगात ट्रॉम्बे कुणाला दिसलं असतं? शिवडीच्या बाजूला रोहित पक्ष्यांसाठी आवाज अडवणाऱ्या भिंतीही आहेत. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. पक्षी दाखवणारे नावाडी थव्याजवळ पोचले की इंजिन मंद करतात, नाहीतर थवा उडून जातो. म्हणजे काठावरच्याचा विचार करणं आपल्याला जमत नाही असं नाही. उडून जाऊ शकणाऱ्यांसाठी ते आपण शिकलो आहोत. बाधित मच्छीमारांसाठीही भरपाईचं धोरण आखलं गेलं. पण भरपाई लाट येऊन गेल्यावर मिळते. इंजिन मंद करणं त्याआधीचं असतं.

इव्हान इलिच नावाच्या विचारवंताने १९७४ मध्ये 'एनर्जी अँड इक्विटी' या छोट्या पुस्तकात एक अवघड मुद्दा मांडला होता. एका मर्यादेपलीकडे वाहतुकीचा वेग वाढला की काहींचा वाचलेला वेळ इतरांच्या वेळातून कापलेला असतो, असं त्याचं म्हणणं. त्याने ही मर्यादा सायकलच्या वेगाच्या आसपास ठेवली होती. तेवढं मला मान्य नाही. गोवंडीहून अंधेरीला कामावर जाणाऱ्या माणसाचे रोजचे तीन तास वाचणार असतील, तर ते वाचायलाच हवेत. रुग्णवाहिकेने चार मैलांच्या वेगाने जाऊ नये. ज्यांच्या वाट्याला कधी वेग आलाच नाही, त्यांना संथपणाचे गोडवे ऐकवणं हा उद्धटपणा आहे.

आणि संथपणासुद्धा निष्पाप असतोच असं नाही. मुंबईला पाणी आणणाऱ्या तानसा जलवाहिनीच्या कडेने लोकांची घरं होती. जलवाहिनीच्या सुरक्षेसाठी ती हटवायचे आदेश झाले, आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यात पालिकेने चालण्यासाठी आणि सायकलसाठी मार्ग आखला. कल्पना सुंदर आहे. पाण्याच्या कडेने निवांत सायकल चालवायची, थेट इंग्लंडच्या कालव्यासारखी. पण तिथून हटवलेली अनेक कुटुंबं आमच्या शेजारी माहुलला, कारखान्यांना लागून असलेल्या इमारतींत पाठवली गेली. तिथल्या हवेबद्दल ती न्यायालयात गेली. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की त्यांना माहुलमध्ये राहायची सक्ती करता येणार नाही, दुसरीकडे घर द्या, नाहीतर भाडं द्या. सायकल कितीही हळू चालवली, तरी तिच्यामागेही लाट असू शकते.

म्हणून 'वेगवान की संथ' हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. खरा नैतिक प्रश्न असा : माझ्या जाण्याने काठावर जे हलतं, ते मला दिसेल अशा जागी मी उभी आहे का? कालव्यावरच्या बोटीची रचनाच अशी आहे की लाट करणाऱ्यालाच ती आधी दिसते. आपल्या बाकीच्या जगण्याची रचना नेमकी उलटी आहे. दहा मिनिटांत सामान दारात येतं, ॲपवर एक ठिपका सरकताना दिसतो. त्या ठिपक्याने किती सिग्नलला जीव मुठीत धरला, ते दिसत नाही. एसी सुरू होतो, वीज कुठल्या काठावरून आली ते दिसत नाही. न दिसणं ही आपली चूक नसेल, पण न बघणं हळूहळू आपली सवय होते.

यावर, आपण एकट्याने मागे पाहून काय होणार, असं कुणी म्हणेल. कालव्यावरही ते एकट्याच्या चांगुलपणावर सोडलेलं नाही. तिथे कायदा आहे, आणि काठावरून "हळू!" म्हणून ओरडणारा माणूसही आहे. त्या ओरडण्याला तिथे किंमत आहे, कारण आज बोट चालवणारा उद्या स्वतः कुठेतरी बांधलेला असणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. जाणारा आणि थांबलेला ही तिथे दोन वेगळी माणसं नसतात. आपल्या शहरात ती वेगळी झाली आहेत. काही जण कायमचे पुलावर, काही जण कायमचे पुलाखाली. जोवर हे असं आहे, तोवर काठावरून आलेली हाक पुलावर पोचण्याची शक्यता कमीच. म्हणून रस्ता, पूल किंवा प्रकल्प आखताना काठावरचा माणूस भरपाईच्या यादीत शेवटी येऊन चालणार नाही. वेग किती ठेवायचा, हे ठरवण्यात त्याचा आवाज पहिल्यापासून हवा.

ते कालव्यांचे व्हिडिओ मी अजूनही पाहते. आता बदकांपेक्षा बोटीच्या मागच्या पाण्याकडे जास्त लक्ष जातं. चालवणारा चांगला असेल, तर पाणी दुभंगतं, थोडं हलतं, आणि काठाला पोचेपर्यंत सपाट होऊन जातं.