माही माय कुठी हाय?

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली एकच वस्तू आहे, ती म्हणजे पणजीचा प्रश्न. वावर आजोबांच्या काळात गेलं, तांब्या-पितळेची भांडी बापाच्या काळात मोडीत गेली. प्रश्न तेवढा राहिला.

१९०० सालचा उन्हाळा. वऱ्हाडातल्या मोठ्या दुष्काळाचा. पणजी तेव्हा सहा-सात वर्षांची असेल. मेहकरकडच्या कुठल्याशा खेड्यातून तिची आई तिला घेऊन घाट उतरून खाली निघाली. खाली काही खायला मिळतं असं कोणीतरी सांगितलं होतं. आई वाटेतच गेली. पोरगी कोणाच्या तरी मागे चालत मिशनच्या अनाथाश्रमात पोचली. तिथे तिला भाकर मिळाली, लुगडं मिळालं, अक्षरं मिळाली आणि बाप्तिस्मा मिळाला. बाप्तिस्म्याआधीच्या शिकवणीत सांगितलं गेलं, की प्रभू येशूवाचून तारण नाही, आणि जे त्याच्याकडे आले नाहीत ते सार्वकालिक अग्नीत जातात. पोरगी उठून म्हणाली, “मंग माही माय कुठी हाय?”

शिकवणारी बाई काय म्हणाली, याच्या घरात दोन कथा आहेत. एकीत ती रडली, दुसरीत तिने पुढचा धडा सुरू केला. पणजीला विचारलं तर ती म्हणायची, “दोनी केलं तिनं.” पणजी १९७१ साली गेली, पुढच्या वर्षीचा दुष्काळ तिने पाहिला नाही. तोपर्यंत हा प्रश्न तिने प्रत्येक नव्या पाळकसाहेबांना विचारला. अकोला, खामगाव, मलकापूर या पट्ट्यात अमेरिकेच्या अलायन्स मिशनचं काम होतं, त्यामुळे पाळक बदलत राहायचे आणि पणजीला नवं गिऱ्हाईक मिळत राहायचं.

एक गोष्ट मी मिशनरी लोकांच्या बाजूने सांगतो, कारण ती कोणी सांगत नाही. ती माणसं सातासमुद्रापलीकडून या उन्हाच्या भट्टीत आली, इथे त्यांची लेकरं तापाने मेली, तरी ती राहिली. का राहिली? तर इथली लाखो माणसं नरकात चालली आहेत, यावर त्यांचा खरोखर विश्वास होता म्हणून. ज्या शिकवणीने पणजीच्या आईला आगीत टाकलं, त्याच शिकवणीने पणजीच्या हातात भाकर दिली. हा गुंता मला आजवर सुटलेला नाही. नरकाची भीती नसती तर ही माणसं आली असती काय? काही जण आले असते, असं मला वाटतं. दुखणाऱ्याला बघून थांबणारे लोक कोणत्याही धर्मात निघतात. पण सगळे आले नसते.

असा प्रश्न विचारणारी पणजी काही पहिली नव्हे. ज्याचं शव गोव्यात जपून ठेवलं आहे तो फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये जपानात गेला. तिथल्या नव्या ख्रिस्ती लोकांनी त्याला विचारलं, की आमचे मेलेले आईबाप, बायका, लेकरं यांचं काय? त्यांच्यासाठी दानधर्म, प्रार्थना काही करता येते का? त्याने सांगितलं, नरकात गेलेल्यासाठी काही करता येत नाही. लोक रडले. हे त्याने स्वतःच १५५२ च्या पत्रात लिहून ठेवलं आहे, आणि त्यांचं रडणं पाहून आपल्यालाही दुःख होतं, हेही लिहिलं आहे. एवढा मोठा संत, पण त्याला एवढंच करता आलं.

पंडिता रमाबाईंचं बघा. १८७४ च्या सुमारास दुष्काळात वणवण करताना त्यांचे आईवडील अन्नावाचून गेले. अनंतशास्त्री आणि लक्ष्मीबाई, दोघंही देवभक्त, तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरलेले. पुढे १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, आणि लगेच शिकवणाऱ्यांशी त्यांचा वाद सुरू झाला. त्यांची ती पत्रं १९७७ मध्ये महाराष्ट्र सरकारच्या साहित्य संस्कृती मंडळाने छापली. अथनेशियसच्या नावाचा मतांगीकार मान्य करायला त्या तयार नव्हत्या. भांडण मुख्यतः त्रैक्याबद्दल होतं हे खरं. पण जो हे सगळं जसंच्या तसं मानणार नाही त्याचा कायमचा नाश, असं त्या मतांगीकारात सुरुवातीलाच बजावलेलं आहे. एकीकडे ते वाक्य आणि दुसरीकडे उपाशी मेलेले अनंतशास्त्री, या दोन गोष्टी मला वेगवेगळ्या वाचताच येत नाहीत. रमाबाईंच्या मनात काय होतं ते त्यांना ठाऊक. माझ्या मनात मात्र दोन्ही शेजारी शेजारी येऊन बसतात.

शास्त्र काय म्हणतं? दोन्ही म्हणतं, हीच तर अडचण. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात मेंढरं एकीकडे आणि शेरडं दुसरीकडे होतात, आणि शेवटी एकांना सार्वकालिक जीवन, दुसऱ्यांना सार्वकालिक शिक्षा. दोन्हीकडे शब्द एकच. पाचव्या शतकात ऑगस्टिनने यावरच बोट ठेवलं, की शिक्षा संपते म्हणाल तर जीवनही संपतं म्हणा. तोड नाही, असं वाटतं. पण मूळ ग्रीक शब्द ‘ऐऑन’ म्हणजे युग, यावरून आलेला आहे, आणि युग कितीही लांब असलं तरी त्याला शेवट असतो हे आपल्याकडच्या लेकरालाही ठाऊक असतं. कलियुगसुद्धा संपणार आहे म्हणतात. अर्थात तो शब्द ‘कधीच न संपणारं’ अशा अर्थानेही वापरला जातो, त्यामुळे नुसत्या शब्दावर खटला जिंकता येत नाही.

शिक्षेसाठी तिथे ‘कोलासिस’ असा शब्द आहे. तो मुळात झाडाची छाटणी करण्याचा शब्द, असं जाणकार सांगतात. ॲरिस्टॉटलने फरक केला आहे, की ‘कोलासिस’ ही शिक्षा भोगणाऱ्याच्या भल्यासाठी असते आणि सूड हा घेणाऱ्याच्या समाधानासाठी. आमचे एक पाहुणे संग्रामपूर तालुक्यात संत्र्याची बाग करतात. बहार घेऊन झाल्यावर ते झाडाची सल काढतात, म्हणजे वाळक्या फांद्या कापून टाकतात. मी त्यांना हा ‘कोलासिस’ समजावून सांगितला. ते म्हणाले, “भाऊ, सल काहाडनारा झाडच पेटवून देते काय?”

आता पौलाचं ऐका. आदामात जसे सगळे मरतात तसे ख्रिस्तात सगळे जिवंत केले जातील, असं तो करिंथकरांना लिहितो. तीमथ्याच्या पत्रात तर सरळ आहे, की सर्वांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे. म्हणजे गोष्टी तीन झाल्या. देवाला सगळे हवे आहेत. देवाला जे हवं ते होतंच. आणि काही जण कायमचे जातात. एका जुवाला तीन बैल जुंपता येत नाहीत, एक सोडावाच लागतो. ऑगस्टिनने पहिला सोडला, देवाने काहींनाच निवडलं म्हणाला. बहुतेक मिशनरी दुसरा सोडतात, की देवाला सगळे हवे आहेत, पण माणूस स्वतःच्या मर्जीने नाही म्हणतो, तिथे देवाचं काही चालत नाही. आणि तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ओरिगनने तिसरा सोडला. त्याच्या मते शेवटी सगळी सृष्टी देवाकडे परत येते. पुढे ५५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेच्या काळात ओरिगनच्या नावावर शिक्का बसला. गंमत म्हणजे जवळजवळ तसंच शिकवणारा नायसाचा ग्रेगरी मात्र संत म्हणून राहिला. धर्मसभांचंही आपल्या ग्रामसभेसारखंच असतं, कोणाचं नाव निघेल ते सांगता येत नाही.

माणसाच्या मर्जीचा मुद्दा मला हलका वाटत नाही. ओढून नेलेल्या माणसाला स्वर्गसुद्धा कोंडवाडाच वाटेल. पण माझे वडील यावर म्हणायचे, “लेकरू चुलीत हात घालते म्हन्ते, तं त्याची मर्जी म्हनून माय पायत बसते काय?” वडील चौथी शिकलेले. अमेरिकेतल्या डेव्हिड बेंटली हार्ट नावाच्या पंडिताने २०१९ मध्ये एक पुस्तक लिहून सगळ्यांचं तारण होणारच असं मांडलं, त्यातला एक मोठा मुद्दा जवळपास हाच आहे: चांगलं काय ते खरोखर ओळखणारा माणूस ते कायमचं नाकारूच शकत नाही, आणि न ओळखता नाकारलं तर त्याला मोकळी मर्जी म्हणता येत नाही.

हा वाद पेटवणारा एक जण मुंबईत जन्मला होता, हे आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नाही. फ्रेडरिक फॅरार, मिशनऱ्याचा मुलगा, जन्म १८३१. १८७७ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेत त्याने प्रवचनं दिली, की मेल्याबरोबर देवाचा दरवाजा कायमचा बंद होतो असं मी मानत नाही. सगळ्यांचं तारण होईलच असं तो ठामपणे म्हणाला नाही, आशा ठेवायला जागा आहे एवढंच म्हणाला. तरी इंग्लंडात वादळ उठलं.

आपल्या मातीत अनंत नरक नाही, असं माझे वारकरी मित्र अभिमानाने सांगतात. पुण्य संपलं की स्वर्ग संपतो, पाप फिटलं की नरक. बरंचसं खरं आहे. पण मध्वाचार्यांनी काही जीव कायमच्या अंधारातच जाणारे, असं सांगितलंच ना? जैनांमध्येही कधीच मोक्ष न मिळणारे अभव्य जीव मानतात. म्हणजे ही दार लावून घेण्याची इच्छा एकट्या ख्रिस्ती माणसाची नाही. आणि मेल्यावरचा नरक लांब राहिला, जिवंतपणीच माणसाला दाराबाहेर ठेवण्यात आपण कधी कमी पडलो? चोखोबांचं जन्मगाव म्हणून सांगतात ते मेहुणा राजा आमच्याच जिल्ह्यात, देऊळगाव राजा तालुक्यात. त्यांना पंढरपूरच्या देवळाची पायरी चढू दिली नाही. आज समाधी त्याच दारासमोर आहे. ज्ञानोबांनी पसायदानात खळांचा नाश मागितला नाही, त्यांच्यातलं वाकडेपण तेवढं जाऊ दे म्हणून मागितलं. ओरिगन ते वाचून मान हलवत बसला असता, असं मला नेहमी वाटतं.

पणजीने वादविवाद केला नाही. आखाजीच्या दिवशी शेजारपाजारची घरं पितरांसाठी घागर भरायची. पणजी पण दारात पाण्याने भरलेला नवा माठ ठेवायची, वर भाकरीचा तुकडा. एका पाळकांनी हटकलं तेव्हा म्हणाली, “वाटसरूसाठी हाय, साहेब. ऊन लई हाय.” तिची माय उन्हात वाटेवरच मेली होती, हे त्या साहेबांना माहीत नव्हतं. मेलेल्यांच्या वतीने बाप्तिस्मा घेणारे लोक करिंथच्या मंडळीत होते, हे पौलाच्या पत्रातच आहे. तो त्यांना रागावलेला दिसत नाही. रेव्हरंड टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोघांनाही बसायला जागा होती. पणजीचा माठ त्या दरबारात खपून गेला असता.

हे सगळं पुस्तकी वाटेल म्हणून एक सांगतो. २००६ मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांसाठी ज्या सहा जिल्ह्यांना मदत जाहीर केली, त्यात बुलढाणा होता. त्याच सुमारास आमच्या नात्यातला एक जण कर्जापायी तसाच गेला. मंडळीतले दोन वडील कुजबुजले, की असं मरण आलेल्याला पूर्ण विधी कसा द्यायचा, त्याचं ठिकाण तर ठरलेलं आहे. त्याची बायको चार हातांवर उभी होती आणि तिने ते ऐकलं. अनंत नरकावरचं कोणतंही पुस्तक वाचताना मला त्या बाईचं तोंड दिसतं. रोमन कॅथलिक चर्चनेसुद्धा १९९२ च्या धर्मशिक्षणात लिहिलं आहे, की अशा माणसांच्या तारणाची आशा सोडू नये. मी ते तिला वाचून दाखवलं. आपण प्रोटेस्टंट, आपल्याला ते चालतं का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, चालतं.

विरुद्ध बाजूचं सगळ्यात जड बोलणं मी कोणा पंडिताकडून ऐकलं नाही. ते माझ्या आजीने केलं. आजोबांचं सहा एकर वावर एका सावकाराने खोट्या गहाणखतावर घेतलं. आजोबा त्या दुःखात खचून गेले. मी कॉलेजात असताना सुट्टीत घरी आलो आणि मोठ्या उत्साहाने आजीला सांगितलं, की शेवटी सगळेच देवाकडे जातील असं मानणारे मोठे मोठे लोक होऊन गेलेत. आजी मिरच्यांचे देठ खुडत होती. ती म्हणाली, “सगळेच? म्हंजे आमचं वावर घेनारा बी?”

मी तिला ग्रेगरीचं सांगितलं. आग आहेच, पण ती सोनाराच्या आगीसारखी, मळ जळेपर्यंत. खामगाव चांदीसाठी नावाजलेलं गाव, मुशीत चांदी कशी वितळते ते आजीने पेढीवर पाहिलेलं होतं. मी म्हटलं, ती आग साधी नाही. त्याला आजोबांच्या पुढे उभं राहून तो कागद स्वतःच्या तोंडाने वाचून दाखवावा लागेल, आणि आजोबांनी सोडल्याशिवाय त्याला पुढे जाता येणार नाही.

आजी बराच वेळ देठ खुडत राहिली. मग म्हणाली, “येऊ दे मंग. पन पयले वावर सोडून ये म्हना.”