कापलेला मांडव

सफाळ्याला, तांदुळवाडी किल्ल्याच्या पायथ्याशी एका आजीची वाडी होती. वाडीत शिराळ्या-पडवळांचा मांडव. रोज पहाटे डोक्यावर टोपली घेऊन आजी स्टेशन गाठायची आणि मुंबईला भाजी विकून दुपारी परतायची. बांधाला लागून चुलत दिराची वाडी. त्या बांधाच्या हातभर जमिनीपायी दोन घरांत बोलणं बंद होतं.

भादव्यातल्या एका रात्री कोणीतरी आजीच्या मांडवाखाली शिरलं आणि एकूण एक वेल जमिनीपासून वीतभर उंचीवर कापून गेलं. पहाटे काही कळलं नाही. कापलेला वेल लगेच सुकत नाही. दव आहे तोवर तो जिवंतच दिसतो. ऊन चढलं तशी पानं मिटत गेली. आजी परतली तेव्हा सगळा मांडव चिंध्यांसारखा लोंबत होता आणि त्यात कोवळी पडवळं तशीच लटकत होती.

आजीने पोलीस पाटलांना बोलावून मांडव दाखवला. तसं करावंच, देवावर भरवसा ठेवणं म्हणजे तोंड शिवून बसणं नव्हे. पण पाहिलेलं कोणी नव्हतं. रात्री नातू कोयता घेऊन निघाला.

"कुठे रे?"

"त्यांचा मांडव अजून उभा आहे, आजी."

"त्यांच्या वेलींनी तुझं काय वाईट केलंय? बस इथे."

आणि तिने त्याला तुकोबांची गोष्ट सांगितली. वाघोलीच्या रामेश्वर भटांनी तुकोबांना अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या. जन्माची कमाई पाण्यात गेली. तुकोबा भांडायला वाघोलीला गेले नाहीत. विठ्ठलाच्या दारात अन्नपाण्यावाचून तेरा दिवस बसले, आणि वह्या कोरड्या वर आल्या. इकडे अनगडशहा फकिराच्या शापाने रामेश्वर भटांच्या अंगाची आग होत होती. कशानेच ती शमेना. शमली ती तुकोबांनी पाठवलेल्या अभंगाने.

"न्याय त्यांनी देवावर सोपवला," आजी म्हणाली, "आणि राग स्वतःजवळ ठेवला नाही. ठेवला असता, तर औषध कुठून पाठवलं असतं?"

नातवाला ते पटलं नाही. पण कोयता त्याने खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी आजीने सुकलेले वेल ओढून काढले, वाफे केले आणि मेथी-मुळा पेरला. महिनाभर टोपली हलकीच गेली.

वैशाखात दिराच्या विहिरीने तळ गाठला. बायको कळशी घेऊन लांब जाताना आजीने पाहिली आणि निरोप धाडला, "आमच्या विहिरीला पाणी आहे. बांधावरून पाइप टाका."

तिसऱ्या दिवशी दीर ओट्यावर येऊन बसला. बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला.

"वहिनी, वेल मी कापले. तेव्हापासून पहाटे जाग आली की तुमचा मांडव डोळ्यांपुढे येतो. झोप कसली ती नाही."

आतून नातू ऐकत होता. आठ महिने तो देवाला विचारत होता की ह्याला शिक्षा कधी करणार. ती पहिल्या दिवसापासूनच चालू होती.

"भावजी, चहा घ्या," आजी म्हणाली.

त्या एकादशीला देवळात दीर टाळ घेऊन नातवाच्या शेजारी उभा राहिला. भजन संपलं आणि तुकोबांची आरती सुरू झाली. आजही महाराष्ट्रभर गायली जाणारी ही आरती लिहिली आहे रामेश्वर भटांनी.